आधी जेवणाचा फोन, मग गाडीची चावी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ठाणे आणि नवी मुंबईतून दोघांनीच गाडी काढून जायच्या सहलींबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेकांनी ‘कुठे जाऊ’ असं विचारलं आहे. खरी गडबड होते ती ‘किती वाजता’ आणि ‘काय खायला’ यात. त्यामुळे उत्तरांत घड्याळ आणि ताट दोन्ही आलं आहे.

आम्ही दोघं साठीच्या आसपासचे. जुलैत एका दिवसात माळशेज करून परतायचं आहे. छोटी पेट्रोल गाडी आहे. धुक्याची भीती वाटते. कधी निघावं, जेवावं कुठे? (मानपाडा, ठाणे)

शनिवार-रविवार सोडा. मंगळवार ते गुरुवार यातला दिवस घ्या. पावसाळ्यात धबधब्यांजवळ जाण्यावर प्रशासन बंदी घालतं आणि दरड आली तर घाटही बंद होतो. म्हणून आदल्या संध्याकाळी बातमी पाहूनच ठरवा. रात्रभर धो धो पाऊस पडला असेल तर बेत रद्द करा. कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याला उल्हास नदी ओलांडावी लागते आणि मोठ्या पुरात तो पूल पाण्याखाली जातो. सकाळी पार झालात आणि दुपारी पाणी चढलं, तर परतीचा सरळ रस्ता संपला.

पहाटे साडेपाचला निघा. कल्याण सकाळच्या गर्दीआधी मागे पडलं पाहिजे. पुढे मुरबाड, सरळगाव, टोकावडे. नाश्ता मुरबाड किंवा सरळगावलाच उरका, कारण घाटातल्या टपऱ्यांवर थांबायचं म्हणजे नेमकं वळणावर, अरुंद जागी गाडी लावावी लागते. साडेआठ-नऊच्या सुमारास घाट चढायला लागाल.

आता धुकं. निम्म्या वेळा माणसं ज्याला धुकं म्हणतात ती काचेवरची वाफ असते. काचेवर बोट फिरवून बघा. आतून पुसलं गेलं तर ती तुमच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ आहे. एसी चालू ठेवा, हवा समोरच्या काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. ते चालू राहिलं की दोन मिनिटांत काच पांढरी होते. वाफ बाहेरून असेल तर काच फार गार झाली आहे. एसीचं तापमान थोडं वाढवा आणि वायपर एकदा फिरवा. वायपरचे रबर मात्र पावसाआधीच बदलून घ्या.

खरं धुकं असेल तर दिवे खालच्या बीमवर ठेवा. वरचा बीम धुक्यावर आपटून उलट तुमच्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, वळताना तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. डावीकडचा पांढरा पट्टा धरून चला. पट्टाही दिसेना झाला तर पुढच्या रुंद जागी थांबा. पण कातळाच्या भिंतीखाली कधीच नको. रस्त्यावर मुठीएवढे ताजे दगड पडलेले दिसले, तर वरून आणखी यायचे आहेत असं धरून चला आणि तिथे फोटोलाही उतरू नका.

घाट चढलात की खुबी फाटा आणि पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी लागतं. बसून बघायची जागा तीच. पुढे ओतूरच्या बाजूला जेवायला मासवडी. नावात मास असलं तरी ती पूर्ण शाकाहारी आहे. बेसन पिठल्यासारखं घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापतात. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरून गुंडाळी करतात आणि माशाच्या आकाराच्या वड्या कापतात. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. वड्या करायला वेळ लागतो. म्हणून खाणावळीला सकाळी नऊलाच फोन करून बाराच्या जेवणाचं सांगून ठेवा. न सांगता गेलात तर बऱ्याचदा सकाळच्या गार वड्या गरम रश्श्यात टाकून पुढे येतात. रस्सा वेगळ्या वाटीत मागा आणि वड्या घासागणिक बुडवा. आधीच बुडवून ठेवल्या की बेसनाचं आवरण सुटतं आणि सारण रश्श्यात पसरतं.

दीडला जेवण उरकून परत फिरा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवा. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नका. नीट दाबा, वेग कमी करा आणि सोडा. सतत घासून जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर सपाट जागी वीसेक मिनिटं गाडी उभी करा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. पेडल मऊ होण्याचं नेहमीचं कारण जुनं ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं, तापल्यावर त्यातलं पाणी उकळतं आणि नळीत बुडबुडे होतात. दर दोन वर्षांनी बदललं की हा प्रश्न येत नाही. टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण पावसाळी घाटाला आम्ही ३ च्या खाली जाऊ देणार नाही.

जूनच्या सुरुवातीला शहापूरजवळ रस्त्याकडेला शेवळांच्या दोन जुड्या घेतल्या. भाजी केली तर दोघांचाही घसा खाजला. काय चुकलं? (पाचपाखाडी, ठाणे)

बहुधा काकडं (आंबट रानफळं) घेतली नसणार. शेवळं सुरणाच्या जातीची. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. म्हणूनच शेवळं विकणाऱ्या बाईच्या पाटीत शेजारी हिरव्या आंबट काकडांचा वाटा ठेवलेला असतो. तो घेतल्याशिवाय निघायचं नाही.

हाताला तेल लावून वरची पानं सोला. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, रवाळ भाग काढून फेकून द्या. सर्वांत जास्त खाज त्यातच असते. बाकीचं अगदी बारीक चिरून तेलावर चांगलं परता. दोन जुड्यांना आठ-दहा काकडं ठेचून, बिया काढून त्यांचा रस घाला. काकडं नसतील तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. मग झाकण ठेवून निदान वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. मध्ये चव घेऊ नका, अर्धकच्चं शेवळ हमखास खाजतं. शिजत आल्यावर सोडे, कोळंबी किंवा भिजवलेले वाल घातले की भाजी खुलते. घसा नुसता खाजत असेल तर ताक किंवा कोकमाचं सार घेऊन बघा. ओठ सुजले किंवा श्वास जड वाटला तर मात्र सरळ डॉक्टरकडे जा.

घाट लागला की पत्नीला मळमळतं. निघताना तिने काय खावं? (ऐरोली)

रिकाम्या पोटीही नको आणि वडापाव-मिसळीवरही नको. निघण्याच्या तासभर आधी इडली, मऊ भात किंवा दोन चपात्या, तेही पोट थोडं रिकामं ठेवून. मळमळ होते ती डोळे आणि कान यांचा मेळ न बसल्यामुळे. कानाला वळण कळतं, पण डोळे मोबाइलवर खिळलेले असतात. पत्नीने पुढच्या सीटवर बसावं, डोकं मागे टेकवून दूरच्या वळणाकडे बघावं, काच दोन बोटं खाली ठेवावी. आवळासुपारी, आल्याचा तुकडा जवळ असू द्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घ्यायच्या नाहीत. उपाय तुमच्याही हातात आहे. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात शिरल्यावर ब्रेक मारू नका. तेवढ्यानेच खूप फरक पडतो.

डिसेंबरात दिवेआगरला दोन रात्री राहायचं आहे. मागच्या वेळी खाणावळीत दुपारी अडीचला गेलो आणि उपाशी परतलो. शिवाय आणलेले मासे घरी येईपर्यंत वास मारायला लागले. रस्ता आणि जेवण दोन्ही सांगा. (नेरूळ)

जाताना एक रस्ता आणि येताना दुसरा, असं करा. जाताना पनवेल, पेण, वडखळ, कोलाड, माणगाव आणि तिथून म्हसळ्यावरून दिवेआगर. हा रस्ता वेळेचा आहे, बघण्याचा कमी. पहाटे पाचला निघा, कारण सुट्टीच्या दिवशी इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठेत गाडी अडकते. पेट्रोल माणगावलाच भरून घ्या.

मधल्या दिवशी श्रीवर्धनला जा. दिवेआगरहून शेखाडी, आरावीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता या सहलीचं सार आहे, म्हणून त्याची वेळ नीट साधा. जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, म्हणजे थांबायला रस्ता ओलांडावा लागतो. परतताना तुम्ही समुद्राच्या बाजूनेच असता आणि डावीकडच्या सीटवरच्या माणसाला मध्ये काहीच येत नाही. तेव्हा श्रीवर्धनला जेवून साडेचारच्या सुमारास परत फिरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, तोवर सावकाश दिवेआगरला पोचता. अंधारात हा रस्ता नको. वळणं आंधळी आहेत आणि गुरं बसलेली असतात.

आता जेवण. तिथल्या घरगुती खाणावळी हॉटेलं नव्हेत. माणसं मोजून भात टाकतात, मोजून नारळ खवतात. दुपारच्या जेवणाचं आदल्या रात्री सांगा, फार तर सकाळी नऊपर्यंत. किती माणसं, शाकाहारी की मासे, किती वाजता, हे तिन्ही सांगायचं. साडेबारा ते दीड ही वेळ पाळा. अडीचला गेलात तेव्हा त्या घरची भांडी घासून झाली होती, त्यात त्यांचा दोष नाही. उकडीचे मोदक नगावर मिळतात, माणशी तीन पुरतात. तेही आदल्या दिवशीच सांगायचे. गरम असतानाच वर तूप घालून खा. गार झाल्यावर तांदळाची पारी चिवट होते, म्हणून ते बांधून घेऊ नका. गावातल्या बऱ्याच घरी फक्त शाकाहारी स्वयंपाक असतो. तिथे माशांची चौकशी करू नये.

मासे खायला गेलात तर नाव घेऊन मागू नका. ‘आज काय आलंय?’ असं विचारा. सुरमई, पापलेटचा आग्रह धरलात तर बर्फातलं पुढे येईल. बांगडा, मांदेली, बोंबील, कोळंबी त्या दिवशीची असण्याची शक्यता जास्त. तळलेल्या तुकडीचा भाव आधी विचारून घ्या, तो माशाच्या आकारावर ठरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात ताज्या सुरमईची पाटी दिसली तरी भुलू नका. तेव्हा खाडीतले खेकडे आणि सुकं बरं.

येताना दिघीला या आणि गाडी बार्जवर (गाड्या नेणाऱ्या बोटीवर) चढवून आगरदांड्याला उतरा. पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, खाली टेकणारी गाडी असेल तर अगदी सावकाश चढवा. बार्जवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची. पुढे मुरुड, काशीद, कोर्लई, साळावचा पूल, रेवदंडा. रेवदंडा-चौलच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर भरदुपारीही सावली असते. तिथे घाई करू नका. मग अलिबाग, पोयनाड, वडखळ आणि घर.

मासे शेवटच्या टप्प्यात, रेवदंडा-अलिबागकडे घ्या. दिवेआगरला सकाळी घेऊन दिवसभर गाडीत फिरवलेत की मागच्यासारखंच होणार. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि बोटाने दाबलेला भाग लगेच वर येतो, तो मासा ताजा. पोट साफ करून घ्या, पण तुकडे घरी करा. जेवढा मासा तेवढाच बर्फ, म्हणजे दोन किलोला दोन किलो. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ. डब्याच्या तळाला एक भोक पाडून खाली ताटली ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासा भिजत पडला की मऊ होतो आणि वास तिथूनच सुरू होतो. कोळंबीची डोकी आधीच काढा. ओले बोंबील आणू नका, त्यांच्यात पाणीच फार. ते तिथेच खा आणि सुके घरी आणा.

सोलकढी बाटलीत भरून आणू नका. नारळाचं दूध तीन-चार तासांत आंबतं. कोकमाचं आगळ आणा आणि घरी करा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नवा कांदा फेब्रुवारीपासून बाजारात येतो. डिसेंबरात कोणी ‘नवीन माळ’ म्हणून हातात दिली तर घेऊ नका.

दोन जोडपी मिळून जानेवारीत पेणकडे जाणार आहोत. तिथल्या ओळखीच्या शेतावर स्वतः पोपटी (मडक्यात जाळावर भाजलेल्या शेंगा आणि कोंबडी) लावायची आहे. प्रमाण सांगाल का? (घणसोली)

चौघांना एक मध्यम मडकं, वालाच्या शेंगा दोन किलो, कोंबडी अर्धा किलो, अंडी चार, लहान बटाटे चार, रताळी दोन, ओवा दोन चमचे, जाडं मीठ तीन चमचे. आणि भांबुर्ड्याचा पाला दोन मोठ्या मुठी. पाला नसेल तर पोपटी लावू नका. तो रानटी पाला शेताच्या कडेला हिवाळ्यात उगवतो आणि पोपटीचा वास त्याचाच असतो. शेतकऱ्याला आदल्या दिवशी सांगितलंत तर काढून ठेवतो.

शेंगा दाणे भरलेल्या पण हिरव्या हव्यात. पिवळ्या पडलेल्या शेंगांत वाफ तयार होत नाही. धुऊन निथळा आणि मीठ-ओवा चोळा. कोंबडीचे तुकडे लहान ठेवा, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून तासभर मुरवा आणि केळीच्या पानात बांधा. मडक्याच्या तळाला पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, मध्ये कोंबडीची पुडी, अंडी आणि बटाटे, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला ठासून भरा. पाणी एक थेंबही घालायचं नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं.

मडकं जमिनीवर उलटं ठेवून भोवती गवत, काटक्या, गोवऱ्या रचा आणि पेटवा. जाळ चारी बाजूंनी सारखा हवा. एका अंगाने पेटला की तिकडच्या शेंगा कोळसा होतात आणि पलीकडची कोंबडी कच्ची राहते. साधारण पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडा. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडालं की झालं. कोंबडी मात्र एक तुकडा हाडाजवळ तोडून बघितल्याशिवाय खाऊ नका. आत गुलाबी दिसली तर ती पुडी निखाऱ्यावर वेगळी भाजा. भेगा असलेलं किंवा ओलं मडकं वापरू नका, जाळात तडकतं.

जाळ फक्त मोकळ्या, नांगरलेल्या किंवा कापणी झालेल्या जमिनीवर, झाडापासून लांब, वारा पडल्यावर लावा. हाताशी दोन बादल्या पाणी ठेवा. रस्त्याकडेला किंवा वनखात्याच्या हद्दीत अजिबात नको. निघताना राख उकरून बघा आणि तळहात धरला तर ऊब लागत नाही इतकी विझवा.

विजेवरची गाडी घेतली आहे. भंडारदऱ्याला न्यावी का? आणि समृद्धीने जावं की कसाऱ्यातून? (कोलशेत, ठाणे)

जरूर न्या. ठाण्याहून सुमारे दीडशे किलोमीटर. भीती चढाची असते, तर हिशेब करून बघा. इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. दोघांसह साडेसोळाशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला पावणेतीन युनिट लागतात, तेही नेहमीच्या खर्चावर जादा. उतरताना यातला चांगला भाग बॅटरीत परत येतो. अट एकच. घाट उतरण्याआधी बॅटरी पूर्ण भरलेली नको. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही, मग गाडी आपोआप रोखली जाण्याचं प्रमाण कमी होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. परतीला वर चार्ज कराल तर ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवा. चार्जिंग महामार्गावर घोटीच्या आधीच उरका, आत गेल्यावर भरवसा ठेवू नका.

आमणे ते इगतपुरी हा समृद्धीचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. रस्ता सुरेख आहे, पण जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना घाट दिसतच नाही. जाताना कसाऱ्यातून जा, वर घाटनदेवीला थांबून उंटदरी बघा. मे-जूनच्या सुरुवातीला जात असाल तर रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात करवंदं मिळतात. परतताना उशीर झाला, पाऊस असला, तर समृद्धीने या.

भंडारदऱ्याला तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा वाफाळता भात मागा. चुलीवरचं हवं असेल तर निघतानाच फोन करा. तिथेही चूल तुमच्यासाठीच पेटवतात, आणि ती पेटून भाकरी हातात यायला तास जातो.